तरुण वयात पोटातल्या दोन धमन्यांमध्ये डिसेक्शन निघालं, तर कारण जनुकीय असू शकतं का? चाचणी कोणती आणि कोणाकोणाची?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: भावाचं वय ३६, बीपी नाही, तंबाखू-सिगारेट नाही. अचानक पोटात असह्य कळ आली. सीटी अँजिओत आतड्याला रक्त देणारी मुख्य धमनी, म्हणजे सुपीरिअर मेसेंटेरिक, आणि उजव्या मूत्रपिंडाची धमनी, या दोन्हींची भिंत आतून उकललेली, म्हणजेच डिसेक्शन झालेलं, दिसली. डॉक्टर जनुकीय चाचणी करा म्हणाले. तुम्ही त्याची बहीण. कोणती जनुकं असू शकतात, चाचणी कशी करायची आणि तुम्हीही ती करायची का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: भावाची चाचणी कराच, आणि ज्या प्रक्रियेची आज निकड नाही अशी कुठलीही प्रक्रिया त्याच्यावर होण्याआधी करा. तुमची चाचणी मात्र त्याच्या रिपोर्टनंतर.

पोटातल्या धमनीचं डिसेक्शन म्हटलं की जनुकीय दोष, असं सरसकट नसतं. या धमनीच्या एकट्या डिसेक्शनचा नेहमीचा रुग्ण म्हणजे पन्नाशीतला पुरुष, बहुधा बीपी असलेला किंवा सिगारेट ओढणारा. चीर बहुतेक वेळा धमनीच्या उगमापासून दीड ते तीन सेंटिमीटरवर सुरू होते. त्या जागी धमनी स्वादुपिंडामागच्या जखडलेल्या भागातून बाहेर पडून आतड्याच्या पडद्यात मोकळी होते, त्यामुळे वाकण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो. असे बहुसंख्य लोक बीपी नियंत्रण, वेदनाशामक, काही दिवस तोंडाने खाणं बंद आणि वेळोवेळी स्कॅन एवढ्यावर बरे होतात. त्यांच्यात जनुकीय दोष सहसा सापडत नाही. एकच धमनी, वय ५५, बीपी वाढलेलं, अशा माणसाला मी पहिल्याच भेटीत जनुकीय पॅनेल, म्हणजे एकाच नमुन्यातून अनेक जनुकांची तपासणी, लिहून देणार नाही.

तुमच्या भावाचं चित्र वेगळं आहे. वय चाळीसच्या आत, एकाच वेळी दोन वेगवेगळ्या धमन्या आणि नेहमीचं एकही कारण नाही. या तिन्हींपैकी एक गोष्ट असली तरी माझे कान टवकारतात, इथे तिन्ही आहेत. रिपोर्टमध्ये याखेरीज कुठे धमनी फुगल्याचा, म्हणजे अ‍ॅन्युरिझमचा, किंवा धमन्या नागमोडी असल्याचा उल्लेख असेल तर शंका आणखी बळावते.

सगळ्यात आधी ज्या जनुकाकडे पाहायचं ते सीओएल३ए१. ते दुसऱ्या गुणसूत्रावर असतं आणि त्यातून तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन बनतं. धमन्या, मोठं आतडं, गर्भाशय आणि त्वचा यांना ताण सोसायची ताकद या कोलॅजनमुळे मिळते. ते बिघडलं की होणाऱ्या आजाराला व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस म्हणतात. अंदाजे पन्नास हजार ते दोन लाखांत एकाला तो असतो. महाधमनीपेक्षा मधल्या आकाराच्या धमन्यांवर त्याचा जास्त रोख असतो: मूत्रपिंड, यकृत, प्लीहा, आतडं आणि पायाकडे जाणाऱ्या इलिअ‍ॅक धमन्या. म्हणूनच पोटातल्या डिसेक्शनमध्ये हे नाव सगळ्यात वर येतं.

यातली यंत्रणा समजून घ्या, कारण रिपोर्ट वाचताना ती लागते. या कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींत पिळलेल्या असतात आणि तिन्ही याच एका जनुकातून येतात. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असावं लागतं. पिळाच्या आतल्या बाजूला जागा इतकी कमी असते की सगळ्यात लहान अमिनो आम्लच तिथे मावतं. ग्लायसिनच्या जागी दुसरं काही आलं की पीळ तिथे अडखळतो आणि तो रेणू पेशीबाहेर नीट पडत नाही. आता हिशोब करा. माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती, त्यातली एक बिघडलेली, म्हणजे निम्म्या साखळ्या चांगल्या. तिन्ही साखळ्या चांगल्या असण्याची शक्यता निम्म्याच्या निम्म्याची निम्मी, म्हणजे आठात एक. एकाच प्रतीत दोष असूनही आठातले सात रेणू बिघडतात.

काही बदल असे असतात की बिघडलेली प्रत साखळी बनवतच नाही. अशा माणसात कोलॅजन निम्मंच बनतं, पण जे बनतं ते सगळं चांगलं असतं. त्यांच्यात पहिला मोठा प्रसंग दशकभर किंवा त्याहूनही उशिरा येतो. रिपोर्टवर ‘ग्लायसिन सब्स्टिट्यूशन’ लिहिलंय की ‘नल व्हेरिअंट’, हे डॉक्टरांना नक्की विचारा. दोन्हीचं नाव एकच असलं तरी पुढची वाटचाल वेगळी असते.

इंटरनेटवर या आजाराचे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून त्यांची पार्श्वभूमी सांगतो. २००० साली चारशेहून अधिक रुग्ण आणि नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांच्या आत चौथाई आणि ४० वर्षांच्या आत ८० टक्के लोकांना पहिला गंभीर प्रसंग आलेला होता, आणि मध्यम आयुर्मान ४८ वर्षं होतं. पण ही कुटुंबं मुळात कुणाला तरी गंभीर त्रास झाल्यामुळे उजेडात आलेली होती. आधीच निदान झालेल्या, बीपी सांभाळणाऱ्या आणि नियमित स्कॅन करणाऱ्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

आता भावाकडे नीट पाहा. लोक एहलर्स-डॅनलॉस म्हटलं की सर्कशीसारखे वाकणारे सांधे शोधतात, आणि तिथेच फसतात. या प्रकारात मोठे सांधे बहुधा सर्वसाधारण असतात, फार तर बोटांचे छोटे सांधे सैल असतात. त्वचाही फारशी ताणली जात नाही. ती पातळ असते, इतकी की छाती, खांदे आणि वरच्या पोटावरच्या शिरा आरपार दिसतात. सावळ्या त्वचेवर हे सहज लक्षात येत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभं करून पाहावं. आईला विचारा: लहानपणी जरा कुठे आपटलं की काळंनिळं व्हायचं का? जन्मतः पाऊल वळलेलं किंवा खुबा निखळलेला होता का? कधी काही न लागता फुफ्फुसाभोवती हवा भरली होती का? विशीतच पायाच्या शिरा फुगल्या होत्या का? हातांची कातडी वयापेक्षा म्हातारी दिसणं, नाक चिंचोळं, ओठ पातळ, डोळे मोठे दिसणं ही लक्षणंही असतात. पण कित्येकांचा चेहरा अगदी चारचौघांसारखा असतो, तेव्हा ‘दिसत तर काही नाही’ म्हणून चाचणी टाळू नका.

घराण्याचा इतिहास विचारताना रोगाचं नाव घेऊन विचारू नका, उत्तर ‘नाही’ असंच येईल. काय घडलं ते विचारा. ‘तिशीतच हार्ट अटॅकने गेला’ असं ज्याच्याबद्दल सांगतात त्याचं शवविच्छेदन झालं होतं का? नसेल तर तो झटका होता की फुटलेली धमनी, हे कुणालाच ठाऊक नसतं. ‘बाळंतपणात रक्त जाऊन गेली’, ‘पोटात दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला’, ‘आतडं फुटून ऑपरेशन झालं’ अशी वाक्यं आजी, आत्या, मावशी यांच्याकडून मिळतात. तीन पिढ्यांचा तक्ता काढा. प्रत्येकापुढे वय आणि मृत्यूचं सांगितलं गेलेलं कारण लिहा आणि तो कागद जनुकतज्ज्ञाकडे न्या. मात्र तक्ता कोरा निघाला तरी शंका संपत नाही, कारण या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो.

बाकीच्या जनुकांपैकी लॉइस-डिट्झ सिंड्रोम महत्त्वाचा. २००५ साली बार्ट लॉइस आणि हॅरी डिट्झ यांनी तो वर्णिला. टीजीएफबीआर१, टीजीएफबीआर२, स्मॅड३, टीजीएफबी२, टीजीएफबी३ ही त्याची मुख्य जनुकं. यात महाधमनी तर फुगतेच, शिवाय डोक्यापासून ओटीपोटापर्यंत कुठलीही धमनी फुगू किंवा उकलू शकते आणि धमन्या वेड्यावाकड्या वळलेल्या असतात. टॉर्च लावून भावाची पडजीभ पाहा: टोकाशी दुभंगलेली, फार रुंद किंवा मधोमध रेघ असलेली असेल तर डॉक्टरांना सांगा. दोन डोळ्यांतलं अंतर जास्त असणं आणि, विशेषतः स्मॅड३ मध्ये, कमी वयात गुडघे किंवा मणका झिजणं याही खुणा आहेत. मार्फान, म्हणजे एफबीएन१, यात आधी हृदयाजवळचं महाधमनीचं मूळ फुगतं. महाधमनी ठीक असताना पोटातली एखादी धमनी एकटीच उकलणं त्यात विरळा. तरीही इको करून ते मूळ मोजून घ्याच. एसीटीए२ आणि एमवायएलके ही स्नायूपेशींची जनुकं पॅनेलमध्ये असतात, पण त्यांचा मुख्य मारा महाधमनीवर असतो. मूत्रपिंडात गाठी होणारा पीकेडी१, पीकेडी२ यांचा आजार सोनोग्राफीतच कळतो. त्यातही क्वचित डिसेक्शन होतं.

जनुकीय नसलेल्या, पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या गोष्टी आधी वगळाव्या लागतात. फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझियात मूत्रपिंडाची धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि दहातल्या आठ-नऊ रुग्ण स्त्रिया असतात. त्याचं एकच एक जनुक नाही. पीएचएसीटीआर१ जवळचा एक बदल धोका थोडा वाढवतो, पण तो असंख्य निरोगी लोकांतही असतो. कुणी तुम्हाला निदानासाठी तेवढीच चाचणी विकत असेल तर पैसे घालवू नका. सेगमेंटल आर्टेरिअल मीडिओलिसिस १९७६ पासून माहीत आहे. त्यात धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी तुकड्यातुकड्याने विरघळतात आणि पोटात एकाच वेळी कुठे फुगवटा, कुठे डिसेक्शन असं चित्र दिसतं. त्याचं जनुक सापडलेलं नाही. हे नाव द्यायचं ते सीओएल३ए१ तपासून झाल्यावर, आधी नाही. याला दाह समजून स्टिरॉइड सुरू करणं ही नेहमी होणारी चूक आहे. ताकायासू आणि पॉलिआर्टेरायटिस नोडोसा हे खरे दाहाचे आजार. ताकायासू आपल्याकडे तरुण मुलींमध्ये मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्याचं मोठं कारण आहे. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या, हिपॅटायटिस बी आणि स्कॅनमध्ये भिंतीची जाडी पाहून त्यांचा उलगडा होतो.

आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का, हेही तज्ज्ञाला सांगा. मामाच्या मुलीशी किंवा मामाशी लग्न झालेल्या घरांत दोन्ही बाजूंनी सारखाच दोष येऊन होणारे आजार शोधावे लागतात, जसे एसएलसी२ए१० मुळे होणारा धमन्या वळण्याचा आजार किंवा पीएलओडी१ मुळे होणारा, पाठ वाकलेला एहलर्स-डॅनलॉस. वर सांगितलेले मुख्य आजार मात्र एका प्रतीनेच होतात. त्यांचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही, तेव्हा त्यावरून घरात कुणाला बोल लावू नका.

चाचणीचं प्रत्यक्ष काम सोपं आहे. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन ते चार मिली रक्त, उपाशी राहायची गरज नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा. मागणी ‘एओर्टोपथी आणि कनेक्टिव्ह टिश्यू पॅनेल’ अशी असावी. त्यात सीओएल३ए१, सीओएल५ए१, सीओएल५ए२, सीओएल१ए१, एफबीएन१, टीजीएफबीआर१ व २, स्मॅड३, टीजीएफबी२ व ३, एसीटीए२, एमवायएच११, एमवायएलके, पीआरकेजी१, पीएलओडी१ आणि एसएलसी२ए१० आहेत ना, ते यादीत बोट ठेवून पाहा. दुसरा प्रश्न: जनुकाचा मोठा तुकडा गहाळ किंवा दुप्पट झालेला असेल तर ही पद्धत तो पकडते का, की त्यासाठी एमएलपीए नावाची चाचणी वेगळी करावी लागेल? रिपोर्टला साधारण तीन-चार आठवडे लागतात. नमुना देण्याआधी मेडिकल जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. लखनौची एसजीपीजीआय, हैदराबादची सीडीएफडी, वेल्लोरचं सीएमसी इथे हे विभाग आहेत. मुंबई-पुण्यातही असे तज्ज्ञ भेटतात.

रिपोर्टमध्ये बदलाची पाच प्रकारांत वर्गवारी असते. पॅथोजेनिक (आजार घडवणारा) किंवा लाइकली पॅथोजेनिक (बहुधा तसा) आलं तर निदान झालं. बिनाइन (निरुपद्रवी) किंवा लाइकली बिनाइन आलं तर तो बदल सोडून द्या. मधला, व्हीयूएस, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, सगळ्यात जास्त घोळ घालतो. व्हीयूएस म्हणजे निदान नव्हे. त्यावरून बहिणीची चाचणी, लग्न किंवा मूल यांचे निर्णय घ्यायचे नसतात. मात्र सीओएल३ए१ च्या पिळाच्या भागात ग्लायसिन बदललं असेल आणि तरी लॅबने व्हीयूएस म्हटलं असेल, तर तज्ज्ञाला फेरविचार करायला जरूर सांगा. आईवडिलांची तपासणी आणि कातडीच्या छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींवरची आरएनए चाचणी अशा वेळी उपयोगी पडते. भारतीय लोकांचा डेटा जागतिक संग्रहांत कमी असल्याने आपल्याकडे व्हीयूएस जास्त येतात. दर दोन-तीन वर्षांनी रिपोर्ट पुन्हा वाचून घ्यावा, वर्ग बदलतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? सीओएल३ए१ चा बदल बहुतेकांत पकडला जातो, त्यामुळे त्या आजाराची शक्यता बरीच घटते. पण जनुकाच्या मधल्या, न वाचलेल्या भागातला दोष किंवा शरीराच्या काहीच पेशींत असलेला दोष सुटू शकतो. शरीरावरच्या खुणा ठळक असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर फाइल बंद करू नये.

रिपोर्ट येईपर्यंत भावाला सीओएल३ए१ चा दोष आहे असं धरूनच वागा. मांडीतून कॅथेटर घालून करायची अँजिओग्राफी निव्वळ ‘बघण्यासाठी’ नको. या आजारात कॅथेटरनेच नवी चीर पडू शकते. बघायचं काम सीटी किंवा एमआर अँजिओ करतात. एकदा मेंदूपासून ओटीपोटापर्यंतच्या सगळ्या धमन्या पाहून घ्या, फक्त पोट पुरेसं नाही. कोलोनोस्कोपी, एनिमा, पंचकर्मातली बस्ती टाळा, कारण या आजारात मोठं आतडं, विशेषतः त्याचा डावा खालचा भाग, फुटतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं तर अजिबात नको. जुलाबाला मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी सहज मिळते. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं महाधमनी फुटण्याचा धोका वाढवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. दुसरा पर्याय असताना ती घेऊ नयेत. जड वजनं, श्वास रोखून जोर लावणं आणि बद्धकोष्ठ टाळा. चालणं चांगलं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, तो निर्णय व्हॅस्क्युलर सर्जनचा. आणि रक्तस्राव होतच असेल तर जनुकीय रिपोर्टची वाट कुणी पाहत नाही. तेव्हा धोका पत्करूनही धमनी बंद करावी लागते.

निदान पक्कं झालं तर सेलिप्रोलॉल या बीटा ब्लॉकरबद्दल विचारा. २०१० च्या युरोपियन चाचणीत ५३ रुग्ण होते. दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून दर सहा महिन्यांनी वाढवत ४०० पर्यंत नेलं. औषध घेणाऱ्या २५ पैकी पाच जणांना, तर न घेणाऱ्या २८ पैकी १४ जणांना धमनीचा प्रसंग आला. चाचणी लहान होती, कोण औषध घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि जनुकीय दोष ३३ जणांतच सिद्ध झालेला होता. तरी मी ते औषध सुचवण्याच्या बाजूने आहे, कारण हातात याहून चांगला पुरावा असलेलं औषध नाही. दुसरा कुठलाही बीटा ब्लॉकर त्याच्या बरोबरीचा आहे असं मात्र धरू नका.

आता तुमचं. भावात बदल सापडला की तेवढीच एक जागा तुमच्या आणि आईवडिलांच्या रक्तात तपासायची. ही चाचणी स्वस्त असते आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं थेट येतं. आधीच तुमचं अख्खं पॅनेल केलं आणि ते निगेटिव्ह आलं, तर तुम्ही सुटलात की कुटुंबातला दोष त्या चाचणीला दिसतच नाही, हे ठरवता येत नाही. आई किंवा वडिलांत बदल असेल तर तुम्हाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. दोघांतही नसेल तर ती अगदी कमी, पण शून्य नाही, कारण एखाद्याच्या फक्त बीजपेशींत दोष असू शकतो. तेव्हा आईवडील निगेटिव्ह आले तरी तुमची ती एक जागा तपासून घ्या. भावाला मुलं असतील तर त्यांनाही ५० टक्के शक्यता.

तुम्ही बाळाचा विचार करत असाल तर हे उत्तर गरोदर राहण्याआधी हातात असायला हवं. या आजारात गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धमनी किंवा गर्भाशय फुटू शकतं, आणि २०१४ च्या एका अभ्यासात दर बाळंतपणामागे आईच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे पाच टक्के निघालं. बदल माहीत असेल तर आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून निवडता येतो.

भावाच्या पाकिटात आजपासूनच इंग्रजीत एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या धमन्यांचं डिसेक्शन, तारीख, रक्तगट, चालू औषधं, ‘संशयित धमनी-नाजूकपणा, कॅथेटर आणि कोलोनोस्कोपी टाळा’ हा मजकूर आणि सर्जनचा नंबर. त्याला पुन्हा पोट, छाती, मान किंवा डोक्यात अचानक कळ आली तर तातडीच्या विभागात ही चिठ्ठी पहिल्यांदा पुढे करा आणि सीटी अँजिओ मागा. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायला लागले तर स्कॅन झाल्याशिवाय निघू नका.